शंभरापैकी किती ते कळव

टेकडीवरची वेधशाळा
९ ऑगस्ट

छोटे,

मुंगीचं प्रगतिपुस्तक काल मिळालं. गाडी दर दुसऱ्या गुरुवारी सिलिंडर, कांदे-बटाटे आणि टपाल घेऊन वर येते. काल ड्रायव्हर हाका मारून थकला, शेवटी सिलिंडर उतरवायला तुझ्या वहिनीने त्याला हात दिला. मी ओट्यावर बसून ते पत्रक उलटंपालटं करत होतो. मला वाटलं, दुसरं पान कुठेतरी पडलं असणार.

आकडा कुठे आहे गं?

माझ्या लेकीला गणितात शंभरापैकी किती मिळाले, हे त्या कागदावरून ब्रह्मदेवालाही कळणार नाही. नुसत्या नऊ ओळी. टक्केवारी, समीकरणं, क्षेत्रफळ वगैरे, आणि प्रत्येकीपुढे 'जमतं', 'जमू लागलंय' नाहीतर 'अजून नाही'. सहा ठिकाणी जमतं, तीन ठिकाणी अजून नाही. हे आठवीचं प्रगतिपुस्तक आहे की तान्ह्या बाळाची नोंद? बसता येतं, रांगू लागलंय, उभं राहणं अजून नाही!

तुला ठाऊक आहे, पहिलीपासूनचे तिचे गणिताचे गुण मी भिंतीवर चौकटीच्या कागदावर मांडलेत. अठ्ठ्याऐंशी, एक्क्याण्णव, नव्वद, त्र्याण्णव, ब्याण्णव, चौऱ्याण्णव, ब्याण्णव. सरासरी एक्क्याण्णव दशांश चार. इथे वर शाळा नाही म्हणून पोरीला तुझ्याकडे ठेवलं, तिची आई अजून तिच्या रिकाम्या खाटेची चादर दर रविवारी बदलते. त्या सगळ्याच्या बदल्यात आमच्या हातात एक आकडा तरी पडायचा. माझा धंदाच सरासरीचा आहे बाई. दर तीन तासांनी पारा वाचायचा, दिवसाची सरासरी, महिन्याची सरासरी. आकड्याशिवाय मला काही दिसत नाही.

तू तिची आत्या आणि तूच तिची गणिताची बाई. तुझ्याकडे खरा आकडा असणारच. शंभरापैकी किती ते कळव. कोणाला सांगणार नाही.

दादा

---

२१ ऑगस्ट

दादा,

नमस्कार पोचला असं धरून चाल, कारण पुढे भांडण आहे.

आकडा नाही. लपवलेला नाही, नाहीच. यंदा शाळेने तो बंद केला. आणि बाळाची चेष्टा केलीस ना, ती मी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना वाचून दाखवली, कारण तू नकळत आमचीच बाजू मांडलीस. 'बसण्यात शंभर, उभं राहण्यात शून्य, सरासरी पन्नास' असं कोणी आईला सांगत नाही. उभं राहता येत नाही एवढंच सांगतात, म्हणजे हात कुठे धरायचा ते कळतं.

आता तुझ्या लाडक्या ब्याण्णवाकडे येते. मागच्या वर्षीचं गुणपत्रक मी काढून बघितलं. लेखी परीक्षा साठ गुणांची, त्यात मुंगीला बावन्न. उरलेले चाळीस कशाचे? वही वीस, गृहपाठ दहा, हजेरी पाच, वर्तन पाच. त्यात तिला चाळीसपैकी चाळीस. शीर्षकाखाली दोन रंगांत रेघ मारते ना आपली मुंगी! माझ्याच वर्गात बेकरीवाल्याची मुलगी आहे. सकाळी गल्ल्यावर बसून मग शाळेत येते, वही अर्धी कोरी, अर्धीवर पिठाची बोटं. लेखीत तिला पंचावन्न होते. चाळिसात अकरा मिळाले, एकूण सहासष्ट. म्हणजे जिला गणित जास्त येत होतं ती 'साधारण' आणि आपली 'अत्युत्कृष्ट'. तूच सांग, हा कुठला न्याय?

वही टापटीप हवी, हे मलाही मान्य. म्हणून सवयींचा रकाना वेगळा केलाय, आणि तिथे बेकरीवालीला मी चांगलं झापलंय. पण सवय वेगळी, गणित वेगळं.

आणि हे सगळं गोडगोड आहे असंही समजू नकोस. दर शनिवारी चार गणितांची चिठ्ठी सोडवून पुन्हा दाखवायची सोय आहे, तर काही दिवटे म्हणतात, "आज कशाला अभ्यास, पुढच्या शनिवारी दाखवू की!" माझी मधली सुट्टी संपली ती संपलीच, एका हातात डबा, दुसऱ्या हातात चिठ्ठ्या. शास्त्राचे सर तर म्हणतात, आपण शिक्षक राहिलो नाही, तिकीट तपासनीस झालो. फेब्रुवारीत पालकसभा ठरवणार आहे, ही पद्धत ठेवायची की मोडीत काढायची.

मुंगीला ज्या तीन गोष्टी येत नाहीत त्या तिला खरंच येत नाहीत रे. आधीही येत नव्हत्या. आधी फक्त दिसत नव्हत्या.

तुझी छोटी

---

५ सप्टेंबर

छोटे,

पत्र दोनदा वाचलं. वहिनीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "नणंदबाई बोलायला लागल्या की पटतंच." मला नाही पटलं.

बेकरीवाली हुशार आहे तर तिचं भलं होवो. पण माझ्या लेकीचे चाळीस गुण चोरीचे नव्हते. शिस्तीचे होते. आमच्या खात्यात हुशारीने कोणी टिकत नाही, वेळेवर उठण्याने टिकतो. ते तू एका रकान्यात ढकललंस आणि वर तिच्या कपाळावर 'अजून नाही' असा शिक्का मारलास. तेरा वर्षांची पोर आहे. हे वाचून तिला काय वाटलं असेल याचा विचार केलास?

तिच्या मामाच्या गावातली शाळा अजून शहाण्यासारखी वागते. गुण देते, पहिला-दुसरा नंबर फळ्यावर लिहिते. मामाशी बोलणं झालंय. डिसेंबरअखेर तिन्ही 'अजून नाही' पुसले गेले नाहीत, तर मी येऊन तिला घेऊन जाणार. तुझ्यावर राग नाही. पण बापाला कुठेतरी रेघ ओढावी लागते.

मुंगीला सांग, गणिताच्या सगळ्या चिठ्ठ्या, तारखा घातलेल्या, मला पाठव. स्वतः मोजल्याशिवाय मी काही खरं मानत नाही.

दादा

---

५ ऑक्टोबर

दादा,

उत्तराला उशीर झाला, कारण रागावले होते. आता नाही. पण तू तिला घेऊन जाणार हे वाचल्यापासून तिच्या खोलीवरून जाताना पाय अडखळतो, एवढं सांगून ठेवते.

चिठ्ठ्या मुंगीने पाठवल्यात. टक्केवारी आता 'जमतं'. आणि कशी शिकली ऐक! बेकरीच्या मागच्या खोलीत, पिठाच्या गोणीवर बसून. बेकरीवालीने तिला विचारलं, "भाव वीस टक्क्यांनी वाढवला आणि मग वीस टक्क्यांनी उतरवला, तर आमचं नुकसान किती?" मुंगी म्हणाली, "शून्य." ती म्हणाली, "म्हणून तू दुकान टाकू नकोस." तासाभराने मुंगी पांढरी होऊन घरी आली, केसांतसुद्धा मैदा, आणि दारातच ओरडली, "आत्या, शंभराचे शहाण्णव होतात!" दादा, सात वर्षं नव्वदच्या आसपास गुण मिळवणाऱ्या पोरीला गणितात असा आनंद झालेला मी पहिल्यांदा पाहिला.

समीकरणं आणि गुणोत्तर अजून राहिलंय. जवळ आलंय, पण मी घाई करणार नाही. घरची आहे म्हणून मी तिच्यासाठी गाळणी जरा बारीकच ठेवते. उद्या कोणी म्हणायला नको, बाईंनी भाचीला आतून पास केलं. फेब्रुवारीत पालकसभा आहे, माझ्याकडे बोट दाखवायला लोक टपलेलेच आहेत.

हल्ली मुंगी जरा गप्प असते. वय आहे. परवा तिने तुला दोन पानं लिहिली, मला दाखवली नाहीत. काय लिहिलंय?

तुझी छोटी

---

३१ ऑक्टोबर

छोटे,

बसून वाच.

मुंगीच्या चिठ्ठ्या मी टेबलावर तारखेने लावल्या. आमच्या धंद्याची खोड. समीकरणांच्या घेतो. चौदा सप्टेंबर: चार गणितं, चारही बरोबर. खाली तुझ्या अक्षरात 'पुन्हा दाखव'. एकवीस सप्टेंबर: चारपैकी चार. 'पुन्हा दाखव'. अठ्ठावीस: चारपैकी चार. 'जवळ आलीस'. मी तीनदा तपासली, मग वहिनीकडून तपासून घेतली. कुठे चूक नाही.

मुंगीने सोबत बेकरीवालीची चौदा तारखेची चिठ्ठीही पाठवलीय. तीच चार गणितं, चारही बरोबर. खाली 'जमतं'.

तिच्या दोन पानांतलं एकच वाक्य तुला सांगतो. "बाबा, आत्या माझी आत्या आहे तोवर मला गणित जमणार नाही, मला घेऊन जा."

मला आनंद व्हायला हवा होता. मी म्हणत होतो तेच ती मागत होती. पण गुणांसाठी नाही म्हणत ती. तिला वाटतंय, आपण कितीही केलं तरी पुरणार नाही.

आता तुला एक गोष्ट सांगतो, ती वहिनीलाही कालच सांगितली. नोकरीचं दुसरं वर्ष होतं. एका सकाळी मला झोप लागली आणि सहाचं वाचन हुकलं. पहाटे तीनला पारा चार अंशावर होता, नऊला आठवर. नीचांक दाखवणारी नळी त्या आठवड्यात दुरुस्तीला गेली होती, म्हणजे पकडणारं कोणी नव्हतं. मी मधला आकडा धरून वहीत सहा लिहिले. आणि छोटे, त्या सकाळी मी उठलो तेव्हा दाराशी ठेवलेल्या बादलीत बर्फाची पापडी धरली होती. डोळ्यांनी पाहिली. पायाने फोडली, आणि आत जाऊन सहा लिहिले.

नियम साधा आहे. वाचन हुकलं तर आडवी रेघ ओढायची. रेघेत कमीपणा नसतो, 'इथे आम्हाला माहीत नाही' एवढंच ती सांगते. मला त्या रेघेची लाज वाटली म्हणून मी सरासरी लिहिली. सव्वीस वर्षं तो आकडा त्या वहीत सुखाने बसलाय. माझ्या लेकीचं ब्याण्णव तसंच होतं, हे मला आता दिसतंय. तुझं 'अजून नाही' ही रेघ आहे, शिक्का नव्हे. तेवढं माझं चुकलं.

पण तू केलंस ते वेगळं. तू पारा वाचलास, नीट वाचलास, आणि पाऱ्याच्या पेटीजवळ कोण उभं आहे ते बघून दुसरंच लिहिलंस. मी तिच्यासाठी सवलत मागत नाही. ज्या दिवशी जमलं त्या दिवशी जमलं असं लिही, बस्स.

दादा

---

१८ नोव्हेंबर

दादा,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी चार पानी उत्तर लिहिलं. त्यात मी किती राबते, मला किती लोकांना तोंड द्यावं लागतं, टेकडीवर बसून बोलणं किती सोपं असतं, सगळं होतं. मग फाडलं.

रविवारी वर्गाची सगळी फाइल काढली. तू म्हणतोस ते खरं आहे. मुंगीच्या बाबतीत, नंतरचे नवे धडे धरून, एकूण पाच ठिकाणी. एवढंच असतं तर बरं. ज्यांचं अक्षर मोत्यासारखं आहे, त्यांना मी चारपैकी तीनवरही 'जमतं' देऊन बसले होते, दोघांना तर चक्क अडीचवर. वहीचे वीस गुण मी पुढच्या दाराने घालवले आणि तेच मागच्या दाराने घरात घेतले. आणि मला वाटत होतं, मी न्याय करतेय!

सोमवारी मोठ्या बाईंकडे गेले, फाइल समोर ठेवली, आणि रडले. त्या म्हणाल्या, "रडून झालं की दुरुस्त करा, मला पाचला बैठक आहे." मग शास्त्राच्या सरांना हाताशी धरलं. आता मुलं चिठ्ठीवर नाव कोपऱ्यात लिहितात, कोपरा दुमडून पिन मारतात. माझ्या वर्गाच्या चिठ्ठ्या ते बघतात, त्यांच्या मी. आणि 'जमतं' म्हणजे काय ते भिंतीवर लिहून लावलंय: दोन वेगळ्या दिवशी, चारपैकी चार, आणि एकदा तोंडी समजावून सांगणं. सगळ्यांना तेच. आम्ही ते मुलांना शंभरदा सांगितलं होतं रे, स्वतःला कधी लिहून दिलं नव्हतं. सरांचा 'तिकीट तपासनीस' बंद झालाय, परवा म्हणाले, "दुमडलेल्या कोपऱ्यामागे आपल्याला न आवडणारं कार्टं निघालं की मजा येते हो."

मुंगीची माफी मागितली. गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. मी सगळं सांगितलं, काहीही न लपवता. ती बराच वेळ एकच टॉवेल झटकत राहिली. मग म्हणाली, "मला वाटलं मीच मठ्ठ आहे." दादा, मला कोणी कधी एवढं लागेल असं बोललं नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "बाबांना कळवणार?" मी म्हटलं, "आजच." "मग ठीक आहे. चिमटा दे."

त्या पाचातल्या चार ठिकाणी तारखा मागे नेऊन 'जमतं' लिहिलं, समीकरणं आणि गुणोत्तर त्यातच आली. पाचवं होतं आलेखाचं, ते सरांनी तोंडी विचारलं तेव्हा ती अडखळली, म्हणून 'जमू लागलंय'. तिने मुकाट्याने मान्य केलं.

तुला तिला न्यायचं असेल तर आता मी वाद घालणार नाही. तो हक्क मी घालवलाय.

तुझी छोटी

---

३ डिसेंबर

छोटे,

हक्कबिक्क काही घालवलेला नाहीस. फाइल उघडलीस हे मोठं केलंस. मला सव्वीस वर्षं लागली, तुला एक रविवार पुरला. त्या सहा अंशांचं पत्र मी वरच्या कार्यालयाला पाठवलंय. ते हसतील. हसू देत.

डिसेंबरची अट मी मागे घेतो. पण मुंगी 'घेऊन जा' म्हणाली होती, ते तिने अजून मागे घेतलेलं नाही. पोर मनात धरून बसते, आईवर गेलीय. म्हणून असं ठरवतो: मामाच्या शाळेतली जागा मार्चपर्यंत धरून ठेवायला सांगितलीय. वर्ष संपताना ती 'चला' म्हणाली तर मी गाडी घेऊन येईन, आणि तू तिला अडवायचं नाहीस. काय ते तिनेच लिहून कळवावं. तू तिला शिकवू नकोस, मीही लाडीगोडी लावणार नाही.

वहिनी म्हणते, हा वेडेपणा आहे, तेरा वर्षांच्या मुलीला कसलं विचारता. पण तिनेच काल खाटेवर नवी चादर घातली आणि मग काढून ठेवली. तिलाही कळत नाहीये, काय मागावं ते.

दादा

---

१२ मार्च

प्रिय आई-बाबा,

हे पत्र आत्याने वाचलेलं नाही. ती बाहेर मुद्दाम मोठमोठ्याने भांडी घासतेय, म्हणजे मला कळावं की ती डोकावत नाहीये.

आधी पालकसभेचं सांगते. फार गोंधळ झाला. एक काका उठून म्हणाले, "आमच्या पोराला जमतं की नाही हे आम्हाला नकोय, तो कितवा आहे ते सांगा." टाळ्या पडल्या. मग बेकरीवाले काका उठले. ते कधी बोलत नाहीत. ते म्हणाले, "आमच्याकडे पहिला पाव आणि शेवटचा पाव असं नसतं. भाजलाय की कच्चा आहे, तेवढंच असतं. कच्चा असेल तर परत आत." आणि लाजून खाली बसले. मग आत्या बोलायला उठली. मला वाटलं, ती पद्धत किती छान आहे ते सांगेल. तिने तिच्या चुकाच सांगितल्या! भाचीचं सांगितलं, मोत्यासारख्या अक्षराचं सांगितलं, सगळ्यांसमोर. मला खुर्चीखाली जावंसं वाटलं. मागून कोणीतरी म्हणालं, "बघा, ह्या स्वतःच कबूल करतात." आत्या म्हणाली, "हो. आधीच्या आकड्यातही अशा चुका होत्याच. त्या कोणाला दिसल्या नव्हत्या, एवढंच." मतं घेतली. ठेवा म्हणणारे एक्केचाळीस, काढा म्हणणारे सदतीस. एक वर्ष ठेवणार आणि मग पुन्हा बघणार.

आता माझं. आलेख झाले. सगळ्यात शेवटचा धडा सरासरीचा होता. बाबा, तुम्हाला हसू येईल. गणित असं: जाताना गाडी ताशी चाळीसने गेली, येताना साठने आली, तर सरासरी वेग किती? मी पन्नास लिहिलं. वर्गातल्या सगळ्यांनीच पन्नास लिहिलं, बेकरीवालीनेसुद्धा! उत्तर अठ्ठेचाळीस आहे. मग एका पुस्तकात सूत्र मिळालं. ते मी पाठ केलं आणि दोन्ही दिवस चारपैकी चार आणले. सरांनी तोंडी विचारलं तेव्हा पुस्तकातलंच घडाघडा म्हणून दाखवलं. त्यांनी 'जमतं' लिहिलं, आणि आत्याने माझ्या पत्रकात शाईने उतरवलं.

घरी येऊन मी आत्याला म्हटलं, खोड. ती म्हणाली, "अगं, चारपैकी चार आहेत, दोन्ही दिवस. नियमाप्रमाणे बरोबर आहे." मी म्हटलं, "मला उत्तर येतं, पण ते का येतं ते येत नाही. पन्नास का नाही ते मला अजून आतून कळत नाही." आत्याने पत्रक पुन्हा पुढ्यात ओढलं. मग तिने खोडलं आणि 'अजून नाही' लिहिलं, आणि खाली मी सही केली. वर्षाच्या शेवटच्या पत्रकात माझ्या वर्गात एवढं एकच 'अजून नाही' आहे ज्याच्याखाली मुलीची स्वतःची सही आहे. मोठ्या बाईंनी विचारलं, हे काय? आत्या म्हणाली, तिला विचारा. मी सांगितलं. त्यांनी पत्रकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि शिक्का मारला.

बाबा, मागे मी जे लिहिलं होतं ते तेव्हा खरं होतं. आता नाही. मामाला सांगा, जागा दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाक. आई, तू रडू नकोस, सुट्टीत मी पूर्ण महिनाभर वर येणार आहे, नव्या चादरीवर मीच झोपणार. सरासरी कोणीही मला समजावून सांगायची नाही. मी शोधतेय.

पण त्याआधी पुढच्या गाडीने तुम्ही दोघं खाली या ना, दोन दिवस. पारा कोणीतरी दुसरं वाचेल. न्यायला येऊ नका, भेटायला या.

तुमची मुंगी